लाल दिव्याखालचा हात

माझ्या सासऱ्यांना गल्लीत सगळे 'हलू नका' म्हणत. चाळीसेक वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला, आणि तेवढ्या काळात गल्लीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी स्टुलावर बसवून, हनुवटी वर करायला लावून हे दोन शब्द ऐकवले. आता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ते स्वतःच स्टुलावर बसले होते आणि हलत नव्हते.

अन्ननलिकेत गाठ होती. कापून काढण्यासारखी नव्हती, किरणं देऊन झाली होती, दुर्बीण घालून रस्ता ताणूनही झाला होता. गाठ पुन्हा वाढली होती आणि आता पाण्याचा घोट अर्धा खाली जायचा, अर्धा खोकल्याबरोबर परत यायचा.

"आपण बरं करायला निघालेलो नाही, हे आधीच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रस्ता मोकळा करायला निघालोय. यांना पाणी पिता आलं पाहिजे, पातळ काहीतरी खाता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल."

"पाणी उतरलं तरी पुष्कळ झालं," सासूबाई म्हणाल्या. "माझं बोलणं तर यांच्या गळ्याखाली कधीच उतरलं नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या तरुण होत्या आणि त्यांना बरंच समजावून सांगायचं होतं. औषध पॉर्फिरिन नावाच्या घराण्यातलं. रक्त ज्याच्यामुळे लाल दिसतं तो पदार्थही त्याच घराण्यातला. शिरेतून टोचलं की ते अंगभर पसरतं आणि दिसेल त्या पेशीत शिरतं. निरोगी पेशी एक-दोन दिवसांत त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात. कॅन्सरच्या पेशी दाखवत नाहीत. त्या त्याला धरून ठेवतात.

"का?" सासऱ्यांनी विचारलं. बऱ्याच दिवसांत त्यांनी दुखण्याबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"एक तर त्या हावरट असतात. भराभर वाढायचं तर चरबी लागते. रक्तातून चरबी वाहून नेणारे बारीक गोळे असतात, ते त्या ओढून घेतात, आणि हे औषध नेमकं त्या गोळ्यांना चिकटून येतं. दुसरं म्हणजे गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत तयार झालेल्या असतात, गळक्या. आत आलेलं बाहेर वाहून न्यायची नीट सोयही नसते. आणखीही कारणं आहेत. त्यातली काही आम्हालाही पक्की माहीत नाहीत."

"म्हणजे बिनपरवाना बांधकाम," मी म्हणालो. कोणीच हसलं नाही. जावयाच्या विनोदाला हसायची पद्धत आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बंद झाली.

"औषध एकटं काही करत नाही," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "प्रकाश एकटा काही करत नाही. दोघे एकत्र आले की ती पेशी मरते. म्हणून आधी टोचायचं, दोन दिवस थांबायचं, आणि मग दुर्बिणीतून एक बारीक तार घालून फक्त गाठीवर प्रकाश टाकायचा. अडचण एवढीच, की कातडीही हे औषध लवकर सोडत नाही. काही आठवडे ऊन अंगावर घ्यायचं नाही, प्रखर दिव्यापाशी जायचं नाही..."

इथे सासऱ्यांचा चेहरा उजळला. कित्येक महिने डॉक्टर लोक त्यांच्याशी त्यांना न कळणाऱ्या गोष्टी बोलत होते. आता कोणीतरी त्यांच्या धंद्यातलं बोललं होतं.

"अंधाराचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले, आणि स्टुलावर हलले. मग उजेड कुठून कुठून आत शिरतो ते त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगायला घेतलं. दाराखालून येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण किल्लीचं भोक. पंख्याच्या वायरीसाठी भिंतीला पाडलेलं छिद्र. बिजागरी. डॉक्टरीणबाई बोट वर करून मध्ये आणखी दोन-तीन वाक्यं बोलल्या, पण ती बिजागरीखाली दबली. सासरे इतक्या दिवसांनी खुलून बोलत होते, की त्यांना थांबवायचं सासूबाई, माझी बायको आणि मी, आम्हा तिघांच्याही जिवावर आलं. त्या दोन-तीन वाक्यांत निम्मी सूचना होती, हे पुढे कळलं.

*

औषध टोचलं आणि त्यांना गुंडाळून घरी आणलं. मागची खोली तयार होती. स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांनी आपली डार्करूम तिथे हलवली होती, आणि आता ती पुन्हा कामाला लावली होती. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला नमद्याची पट्टी, बोळात एकामागे एक दोन काळे पडदे. पहिला पडदा बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. मोबाइल बाहेरच्या टोपलीत ठेवायचे, कारण त्यांना पडदा असतो आणि तो चमकतो. सासूबाई पाण्याची वाटी घेऊन दोन पडद्यांच्या मध्ये उभ्या राहायच्या आणि आतून हुकूम आला की यायच्या.

"लग्न करून आले तेव्हाही एवढी थांबले नव्हते," त्या म्हणायच्या.

आत लाल दिवा होता. फोटोच्या कागदाला लाल दिव्यात काही होत नाही, त्यामुळे डार्करूममध्ये तो चालतो. पण जुना दिवा मिणमिणता आणि सासऱ्यांचे डोळे अधू. म्हणून त्यांनी स्टुडिओतला शंभरचा बल्ब काढला, लाल जिलेटिनच्या कागदात गुंडाळला आणि टेबलाला चिमट्याने लावला, थेट डाव्या गालापाशी.

"कागदाला काही होत नाही, तर मला काय होणार, जावईबापू?"

यात काहीतरी शास्त्रीय वाटत होतं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. मी मान डोलावली.

वेळ घालवायला त्यांनी जुन्या निगेटिव्हचे डबे काढले. एकेक निगेटिव्ह दोन बोटांत धरून बल्बापाशी न्यायची, डावा डोळा बारीक करून बघायची, ठेवायची की टाकायची ते ठरवायचं. "ह्या बाईंचे तीन फोटो काढले. तिन्हींत डोळे मिटलेले. शेवटी म्हटलं, झोपलेल्या छान दिसता, हाच घेऊन जा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे दोन डबे झाले. गाठीवर प्रकाश टाकायचा तो तिसऱ्या दिवशी सकाळी.

त्या दुपारी आम्ही चौघंही आत होतो. बाहेर थंडीतलं लख्ख ऊन होतं आणि आम्ही लाल अंधारात कोंडून घेतलं होतं.

"हाताला मुंग्या येताहेत," सासरे म्हणाले.

"एका जागी बसून येणारच," सासूबाई म्हणाल्या. "उठा, चार पावलं टाका."

"बसून पायाला येतात. हाताला कशा येतील?"

माझ्या बायकोने त्यांचा हात धरला आणि नीट दिसावा म्हणून दिव्याजवळ नेला. "काही नाही बाबा. स्वच्छ आहे." मीही पाहिला. हात संगमरवरी पुतळ्याचा असावा तसा दिसत होता. डाग नाही, चट्टा नाही.

"चुरचुरतंयही जरा. दिव्याची धग असेल."

सासूबाई हातावर वाकल्या. त्या हात बघत नव्हत्या, अंगठी बघत होत्या. अंगठीच्या दोन्ही बाजूंनी बोट वर आलं होतं. त्यांनी ती फिरवून पाहिली. फिरली नाही.

"काल ही नुसती गरगर फिरत होती," त्या म्हणाल्या. "महिनाभर मी यांना सांगतेय, काढून ठेवा, पडेल कुठेतरी."

त्या वाकल्या तेव्हा त्यांचा स्वेटर दिव्यासमोर आला. मी तो रोज बघतो. कुंकवासारखा लाल. आता तो पांढरा दिसत होता.

"आई, तुमचा स्वेटर पांढरा कसा?"

"लालच आहे. या दिव्यात लाल काय नि पांढरं काय, सारखंच दिसतं. यांनीच तर नाही का सांगितलं..." त्यांनी अंगठी सोडली.

आम्ही तिघांनी पुन्हा त्या संगमरवरी हाताकडे पाहिलं. सासऱ्यांनी तो सावकाश शालीखाली घेतला. हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. उभा जन्म त्या दिव्याखाली गेलेला. तांबड्या पेन्सिलीची खूण तिथे नाहीशी होते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. भाजलेला हात आणि धडधाकट हात त्या उजेडात एकसारखेच दिसतात, हेही.

"कधीपासून चुरचुरतंय?" बायकोने विचारलं.

"आत्ताच."

"बाबा."

"सकाळपासून. तुमची जेवणं व्हायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर उद्याचं रद्द झालं असतं," ते म्हणाले. "मला ती पोटातली नळी नकोय."

हात बघायचा तर पांढरा दिवा लावायला हवा. पांढरा दिवा लावला तर, आमच्या समजुतीप्रमाणे, हात आणखी भाजणार. न बघावा तर तो शालीखाली काय होतोय ते कळणार नाही. मी उठलो.

"कुठे निघालात?" सासऱ्यांनी विचारलं.

"फोन करतो."

"करू नका, जावईबापू." आवाजात हुकूम नव्हता. विनंती होती, आणि ती ऐकायची मला सवय नव्हती.

मी पहिला पडदा उघडला, बंद केला, दुसरा उघडला. बाहेरच्या उजेडाने डोळ्यांत पाणी आलं. टोपलीतला फोन चाचपडत शोधला. डॉक्टरीणबाई लगेच मिळाल्या नाहीत. कोणीतरी थांबायला सांगितलं, संगीत लावलं, आणि मी बोळात उभा राहून बासरी ऐकत राहिलो. शेवटी त्या आल्या. मी सगळं एका दमात सांगितलं.

"खोलीत दिवा कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

"लाल. एकदम सुरक्षित. फोटोवाल्यांचा."

पलीकडे त्यांनी कोणाला तरी दार लावायला सांगितलं.

"उद्या आम्ही आत कुठला प्रकाश टाकणार आहोत, माहीत आहे?"

"कुठला?"

"लाल. तो सगळ्यात खोल जातो म्हणून तोच निवडलाय. आधी तो दिवा बंद करा. आणि खोलीतला साधा दिवा लावा."

"साधा म्हणजे पांढरा?"

"घरात असतो तो. ऊन नको, प्रखर दिवा नको, पण अंधारातही बसवू नका, असं सांगितलं होतं ना मी? साध्या उजेडात कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. अंधारात ते तसंच राहतं."

"तेव्हा ते बिजागरीबद्दल बोलत होते."

"हो," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय."

मी विचारलं, की गाठीतलं औषधही या दिव्याने संपलं असेल का. नाही म्हणाल्या, टेबलावरच्या दिव्याचा उजेड तितका आत पोचत नाही. प्रश्न कातडीचा होता. नुसती लाली आणि सूज असेल तर उद्या यायचं. फोड आले असतील, त्यातून तोंडावर किंवा ओठांवर, तर पुढे ढकलावं लागेल.

"मग ढकलू ना. दोन-चार दिवसांनी..."

"तेच तर जमणार नाही. गाठही ते जन्मभर धरून बसत नाही. उशीर झाला की तीही सोडते, आणि हे इतक्यात पुन्हा टोचता येत नाही. तोपर्यंत यांना पाणी कसं जाणार? फोन चालू ठेवा आणि बघून सांगा."

*

मी आत येऊन निरोप सांगितला. लाल दिव्याचं ऐकल्यावर सासरे हसले. मग त्यांना दिसलं, की मी हसत नाहीये. त्यांनी दिव्याकडे असं पाहिलं, जणू जुन्या भागीदाराने अफरातफर केल्याचं कोणीतरी आत्ता कानात सांगितलंय. मग त्यांनीच हात लांब करून तो बंद केला.

अंधार झाला. फोन मी छातीशी उलटा धरला होता. त्या खोलीच्या कामात कुठेही खोट नव्हती. कणभर उजेड कुठून येत नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळत नव्हतं.

"आता पांढरा लावायचाय," मी म्हणालो.

"नाही," अंधारातून आवाज आला.

"बाबा, डॉक्टर सांगताहेत," बायको म्हणाली.

"डॉक्टरांनी डार्करूममध्ये कधी काम केलंय?"

"तुम्ही अन्ननलिकेत कधी केलंय?" हा सासूबाईंचा आवाज.

"दिवा एकदा लागला की लागला," सासरे म्हणाले. "मग काही परत फिरवता येत नाही. चाळीस वर्षं मी एकच गोष्ट नीट केली. आत उजेड येऊ दिला नाही. आता तुम्ही म्हणता तेच चुकलं."

फोनमधून डॉक्टरीणबाईंचा बारीक आवाज आला, "हॅलो, काय चाललंय तिथे?"

"चुकलं तर चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "बटण कुठाय?"

"सांगणार नाही."

"नका सांगू." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीवरून हात घासत गेल्याचा. मग पत्र्याचा डबा पडला आणि निगेटिव्ह जमिनीवर सांडल्या. "एवढी वर्षं झाडलीय मी ही खोली," त्या पुटपुटल्या, आणि दिवा लागला.

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते, हात शालीखाली.

"इकडे बघा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सावकाश मान वळवली. डावा गाल आणि कान लालभडक होते, डावी पापणी जड झाली होती. बायकोने शाल काढली. बोटांपासून बाहीच्या काठापर्यंत दोन्ही हात तांबडेलाल, आणि बाहीखाली एकदम नेहमीचा रंग. कोणीतरी लाल हातमोजे चढवावेत तसे. तासाभरापूर्वी याच हाताला आम्ही स्वच्छ म्हटलं होतं.

फोन बायकोने घेतला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, ती बघून सांगत होती.

"ओठ?"

"कोरडे. सुजलेले नाहीत."

"नाक, कपाळ?"

"कपाळ थोडं लाल."

"फोड?"

बायको बोटाबोटावरून नजर फिरवत गेली आणि उजव्या अंगठ्यापाशी थांबली. तिथे मसुराएवढा चकचकीत उंचवटा होता. "एक आहे," ती म्हणाली.

"तो नाही," सासरे म्हणाले. "तो जुना आहे. रसायन सांडलं होतं."

"किती जुना?"

"तुझ्या जन्माआधीचा."

उद्याच्यासाठी ते आता काहीही बोलले असते, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. बायकोने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी चष्मा लावला, अंगठा धरला, उंचवटा नखाने दाबून पाहिला. त्यांना इतका वेळ लागला, की सासऱ्यांनी श्वास घेणं थांबवलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "हा लग्नातही होता. मला वाटलं होतं जाईल."

"पाण्यासारखा मऊ लागतोय का?" फोनमधून विचारणा झाली.

"टणक आहे. यांच्यासारखाच."

"मग उद्या या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती अंगठी आत्ता काढा. सूज वाढली तर कापावी लागेल."

अंगठी साबणाने निघाली. सासऱ्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही, फक्त मला म्हणाले, "जावईबापू, खाली बघून चाला. ठेवायच्या डब्यातल्या सांडल्यात."

*

सकाळी टोपी, मफलर, हातमोजे, काळा चष्मा आणि वर छत्री अशा थाटात त्यांना टॅक्सीत बसवलं. ड्रायव्हरने आरशातून इतक्यांदा पाहिलं, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "बँक नाही लुटायची. हॉस्पिटललाच न्या."

आत नेताना सिस्टरने त्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला आणि थोड्या वेळाने काढून दुसऱ्या बोटाला लावला. "यातही लाल दिवा असतो," ती म्हणाली. "या पेशंटना एकाच बोटावर ठेवला तर भाजतं." सासऱ्यांनी चिमट्याकडे पाहिलं. कोणाला तरी ते माहीत होतं, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

प्रकाश टाकायला फार वेळ लागला नाही. दुखलंही नाही म्हणाले. दुखणं नंतर आलं. गाठ सुजली, छातीत कळा यायला लागल्या, आणि आधी अर्धा तरी उतरायचा तो पाण्याचा घोट आता सगळाच परत यायला लागला. थुंकीसुद्धा वाटीत टाकावी लागे. सुजणारच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि या वेळी ते आम्ही तिघांनीही ऐकलं होतं. तरी वाटी बघितली की ऐकलेलं आठवत नसे. सासूबाई ती धुऊन आणायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "ती नळी कशी असते हो? जाड असते का?"

दोन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेलं काढून टाकलं. त्यांना खोलीत आणलं. पडदा अर्धा सरकवलेला होता, ऊन पलंगापर्यंत पोचत नव्हतं, पण उजेड होता. हातांची लाली उतरून कातडी सोलवटत होती. डॉक्टरीणबाईंनी ग्लासात चार बोटं पाणी ओतलं.

"रस्ता मोकळा दिसतोय. गाठ मुळापासून गेलेली नाही, ती पुन्हा वाढेल. काही महिने मिळाले तर ते चांगले गेले पाहिजेत, एवढंच. घ्या. लहान घोट."

सासऱ्यांनी ग्लास घेतला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत उभे होतो. गळा एकदा हलला. खोकला आला नाही. पुन्हा हलला. ग्लास रिकामा झाला, त्यांनी तो पुढे केला, आणि डॉक्टरीणबाईंनी आणखी ओतलं.

"हळू प्या," सासूबाई म्हणाल्या. "कोणी हिसकावून घेत नाहीये."

त्यांनी तोही संपवला. मग तिसऱ्यांदा ग्लास पुढे केला, पण या वेळी सासूबाईंकडे.